थंडकीचा डबा

इंदू, त्या मंगळवारी सकाळी आपण पडवीत गोणपाट पसरून कांदे निवडत बसलो होतो. आपलं दोघांचं मिळून केलेलं तेच शेवटचं काम. तू फ्रीजमधला डबा आणलास, कागदाच्या पुड्या सोडल्यास. लसणीच्या कुडीएवढे कांदे, वर जाळीसारखी साल. तू एकेक घेऊन दोन बोटांत दाबत होतीस. घट्ट असेल तो गोणपाटावर, मऊ असेल तो माझ्या हातात, आणि मी तो कुंपणापलीकडे फेकायचा.

"ह्यो बघा," तू म्हणालीस. "वरसून बरो आणि आत पाणी. तुमच्यासारखो."

"माझ्यात पाणी खंय आसा? मी सुको बांगडो."

एरवी हसली असतीस. त्या दिवशी हसली नाहीस. रिकामा डबा उचलून नाकाशी धरलास आणि माझ्याकडे बघितलंस. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग पदराने डबा आतून पुसलास आणि कांदे परत भरलेस.

"ह्या वर्सा फूल येवक नाय तर मी सोडलंय," म्हणालीस. "मगे मातयेक हात लावचंय नाय."

"येतला गो," मी म्हटलं. मला तेवढंच बोलता येतं.

जेवणाच्या वेळेला तू मेलीस.

पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, निदान बरंचसं. तरी लिहितो, कारण वाडीला अर्धंच ठाऊक होतं आणि उरलेलं अर्धं माझ्या पोटात होतं. चौथीपर्यंतची शाळा माझी. आपल्या लेकीला, शुभाला म्हटलं, शुद्धलेखन तेवढं बघ, बाकी काही बदलायचं नाही. तिने बदललं नाही. वाचून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेजारच्या शेवंतावैनीकडे पाहुणे उतरतात, त्यांच्या भाकऱ्या भाजायला तू जायचीस. तिथे एकदा डोंगरमुलखातली एक बाई आठ दिवस राहिली. तुझ्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खाऊन गेली आणि गणपतीनंतर तिने तुला पार्सल पाठवलं. आत हे कांदे आणि हिंदीत लिहिलेला कागद. पोस्टमनने पडवीत बसून वाचून दाखवला. बुटकी आयरिस. बर्फाच्या मुलखातलं झाड, बोटभर वाढतं. कांदा दहा आठवडे थंडीत निजवायचा, मग लावायचा. थंडी नाही मिळाली तर नुसती पात येते, फूल त्याला सुचत नाही.

"आमच्याकडे थंडी खंयची?" तू विचारलंस.

"फ्रीज आसा मां," पोस्टमन म्हणाला.

तू तिचं नाव थंडकी ठेवलंस. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मागे तिचा डबा. मार्गशीर्षात कांदे कुंडीत. कुंड्या विहिरीच्या भिंतीकडे, आणि रोज सकाळी मासळीच्या टेम्पोवाल्याकडून बर्फाचा तुकडा घेऊन, फोडून, मातीवर. मी म्हणायचो, बांगड्याला बर्फ मिळत नाही आणि ही झाडाला घालते. पण फूल आलं. जांभळं, आत पिवळी जीभ बाहेर काढलेली, सगळं मिळून माझ्या करंगळीएवढं. सगळी वाडी बघायला आली. दुसऱ्या वर्षीही आलं. आपल्या उन्हात तो कांदा पुन्हा धरत नाही, म्हणून ती बाई दर वर्षी नवे पाठवायची आणि तू तिला कोकमं धाडायचीस.

तुझ्या हाताला गुण होता. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना त्या बुटक्या पावसाळी लिल्या, विहिरीमागे जमिनीतून नुसतं फूलच काढणारा भुईचाफा, सगळं तुझं. सड्याच्या कातळावरची दीपकाडी उपटून आणली तर घरी लागत नाही म्हणतात, तुला लागली. म्हणून तर मिरगाला वाडीतली सात घरं तुला बोलवायची. हळदीचा पहिला गड्डा, अळूचा पहिला कांदा तुझ्या हाताने मातीत जायचा, मग बाकीच्यांनी लावायचं. नारळ आणि पानाचा विडा घेऊन घरी यायचीस. चालताना तेव्हा तुझी मान वर असायची. मी बघायचो, बोललो कधी नाही.

आता माझं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुझ्या बहिणीचा पाय मोडला आणि तू वैभववाडीला गेलीस. मी एकटा. होडी विकल्यापासून खडकावर गरी टाकत बसतो, त्यासाठी कोळंबी लागते, बारीक सुंगटां. तू घरात असताना ती फ्रीजमध्ये ठेवू द्यायची नाहीस. आता कोण बघतंय. खालच्या कप्प्यात कोळंबीचं टोपलं बसेना, म्हणून तुझा डबा काढला आणि चुलीवरच्या फळीवर ठेवला. कांदेच ते. कांदे आपल्याकडे फळीवरच राहतात. देवाशपथ, माझ्या डोक्यात एवढंच आलं. बावीस दिवस तो डबा चुलीच्या धगीवर होता. तू येणार असा फोन आला तेव्हा मला पोस्टमनचा कागद आठवला. कोळंबी टाकली, कप्पा साबणाने धुतला, डबा होता तिथे ठेवला. तू आलीस, डबा बघितलास, म्हणालीस, "संबाळल्यात बरे."

मी म्हटलं, "मगे."

पात आली. लव्हाळ्यासारखी, हिरवीगार, लांब. फूल नाही. एकाही कुंडीत नाही. तू रोज सकाळी वाकून पात बाजूला करून बघायचीस. शेवटी एके दिवशी विचारलंस, "मी नसताना लाईट गेल्ली काय ओ?"

"नाय."

"फ्रीज बंद पडलेलो?"

"नाय म्हणान सांगतंय मां."

ह्यात खोटं काहीच नव्हतं, हेच वाईट. तू जे विचारलंस त्याचं मी खरं उत्तर दिलं. त्याच महिन्यात शेवंतावैनीची हळद जमिनीत कुजली. पहिला गड्डा तुझ्या हातचा. वाडीने दोन आणि दोन चार केले: इंदूच्या हाताचा गुण गेला. तूही केलेस. रात्री जेवताना उजवा हात दिव्याकडे धरून बघितलास आणि म्हणालीस, "फिरलो गो बाये." स्वतःलाच म्हणालीस. मी आमटी भुरकत होतो.

यंदा मिरगाला कोणी बोलावलं नाही.

आणि मग तो मंगळवार. बारा वाजून गेले होते. भर दुपारी विहिरीकडे जाऊ नये, राखणदाराची वेळ असते, हे तूच मला चाळीस वर्षं सांगितलंस. मी हाक मारली, ओ नाही. जाऊन बघतो तर तू कुंड्यांसमोर भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात मधल्या कुंडीत मनगटापर्यंत. लावणीआधी रिकामी माती थंडीला लावायची तुझी रीत. बर्फाचा चुरा वर दिसत होता. मी तुझा डावा हात धरला. तो उन्हात होता, चांगला गरम होता. म्हणून मी म्हटलं, "चल गो, भात निवता." दोनदा म्हटलं. मग तुझा उजवा हात मातीतून काढला. तो नदीतल्या दगडासारखा होता. कुठला हात खरा मानायचा ते मला कळेना. मी डावा धरून बसलो. तो गरमच राहिला, ऊन भिंतीवरून सरकेपर्यंत.

लोक म्हणाले, काम करता करता गेली, पुण्यवान. पुण्यवान बाई भात वाढून जाते.

आता जे लिहितो ते कोणी मानावं असा आग्रह नाही. टेम्पोवाल्याला कळलं नव्हतं, दोन दिवस तो भिंतीवर बर्फ ठेवून गेला. तिसऱ्या दिवशी शुभाने सांगितलं, तेव्हा बंद झाला. पाचव्या दिवशी दुपारी मी पाणी काढायला गेलो आणि सहज मधल्या कुंडीत बोट घातलं. गार. वरून सुकी, ढेकळं धरलेली, आणि बोटभर खाली गार. डावीकडच्या कुंडीत घातलं, ती तव्यासारखी. उजवीकडची तशीच. तिन्हींवर तेच ऊन. मी शुभाला बोलावलं.

"ओल असतली, बाबा," ती म्हणाली. पण तिने हात पटकन काढून घेतला आणि परकराला पुसला. त्यानंतर ती विहिरीकडे दुपारची गेली नाही. मी रोज जायचो. नवव्या दिवसापर्यंत तसंच. दहाव्याला तापली.

आणि डबा. सुतकात शेजारची जेवणं यायची, फ्रीज भरला. शुभाने तुझा डबा काढून वरच्या कप्प्यात ठेवला. संध्याकाळी मी बघतो तर डबा खाली, मागे, तुझ्या जागेवर. मला वाटलं शुभाने ठेवला. तिला वाटलं मी. मी तो पुन्हा वर ठेवला आणि त्याच्यासमोर आमटीचं पातेलं लावलं. सकाळी पातेलं तिथेच, झाकण हललेलं नाही, आणि डबा खाली.

"तुमीच हलयत असतलास," शुभा म्हणाली. "ध्यानात रवत नाय तुमच्या आता."

असेल. माझ्या हाताने आधी एकदा तो हलवलेला आहे, तेव्हा नाही कुठल्या तोंडाने म्हणू? मी त्याला पुन्हा शिवलो नाही. पण फ्रीज उघडला की आतला दिवा लागायचा आणि तो डबा मागे बसलेला दिसायचा. मी दूध घ्यायला जायचो आणि दूध न घेता परत यायचो. चहा काळाच प्यायलो सगळं सुतक.

मला एकच विचारायचं होतं. त्या मंगळवारी डबा नाकाला लावलास, तो का? चुलीच्या धुराचा वास वर्षभर राहतो काय गो? तुला ठाऊक होतं आणि माझ्या तोंडून ऐकायचं होतं, की तसंच आपलं? ठाऊक असून तू वाडीभर मान खाली घालून फिरलीस, असं असेल तर मला ते सहन होणार नाही. ठाऊक नव्हतं आणि तशीच गेलीस, तर तेही नाही. दोन्हीकडून मीच मरतो.

बाराव्याच्या आदल्या तिन्हीसांजेला, जिथे तुला ठेवलं होतं तिथे तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा, वर टोपली झाकली. सकाळी टोपली काढून पावलं बघायची, म्हणजे गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. माझ्या आईच्या वेळी चिमणीचं पाऊल निघालं होतं. मी ह्या गोष्टी मानत नाही आणि मोडतही नाही. भावकीतला थोरला आबा सकाळी आला, आम्ही सगळे उभे राहिलो, आणि त्याने टोपली उचलली.

पाऊल नव्हतं. पिठात बारीक खळगे होते. गोल, बोटाच्या टोकाएवढे, एका ओळीत, सारख्या अंतराने.

"ह्यां कसलां पावल?" आबा म्हणाला. "ह्यां पाखराचां न्हय, गुराचां न्हय."

मागून शेवंतावैनी म्हणाल्या, अगदी हळू, "इंदू अशीच लावी. चार बोटां सोडून."

वैनीने वाकून दोन खळग्यांच्या मध्ये आपली चार बोटं धरली. बसली. पुढच्या दोघांत धरली. बसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी बोललो असतो तर चाललं असतं. तू माझ्यासाठी आणखी काय करायला हवं होतंस?

मी म्हटलं, "कुर्ली ती. काल न्हाणीत फिरत होती, मी बघलंय."

आणि खाली बसून तळव्याने पीठ सारखं केलं. कुर्ली नाही, खेकडा नाही, मी काहीच बघितलं नव्हतं, इंदू. पहिल्या वेळी गप्प राहून फसवलं होतं, ह्या वेळी धडधडीत खोटं बोललो, तेही तू मेल्यावर, तुझ्याच जागेवर बसून. पीठ गार होतं. ते मी कोणाला सांगितलं नाही.

बाराव्याचं जेवण झालं. बायका मागच्या पडवीत भांडी घासत होत्या. मी आत पडून ऐकत होतो.

"स्वभावान सोन्यासारखी," एक म्हणाली.

"होती गो. पण शेवटाक हात फिरलो तिचो."

"फिरलो तरी मातयेतसून काढल्यान नाय, बघ."

"तां नशीब एकेकाचां."

कोणी वाईट बोलत नव्हतं. प्रेमानेच बोलत होत्या. तेव्हा मला कळलं, हे आता असंच राहणार. तुझी आठवण काढतील आणि शेवटी हे वाक्य येणार. मी मेल्यावर तर ते खोडायलाही कोणी उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी फ्रीज उघडला, डबा काढला, काखेत मारला आणि निघालो. सुतक फिटल्यावर आधी देवळात जायचं असतं. देवाला ठाऊक होतं, वाडीला नव्हतं, म्हणून आधी वाडीत गेलो.

सात घरं. प्रत्येक दारात उभा राहिलो, बसा म्हटलं तरी बसलो नाही. चार चार कांदे काढून दिले आणि तेच सांगितलं: गेल्या वर्षी डबो मी भायर काढलंय, बावीस दिवस चुलयेर ठेयलंय, ती इचारी तेव्हा गप रवलंय. तिचो हात बरो होतो. पहिल्या घरी त्यांना कळेचना. कुठला डबा, कसली चूल. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्या घरातला म्हातारा हसायला लागला.

"गरीक लावच्या सुंगटांसाठी?"

"व्हय."

"सुंगटांसाठी बायलेचां नाव घालवलंस?"

"व्हय."

मग तो हसायचा थांबला. आत जाऊन बायकोला म्हणाला, "ऐकलंस काय गो?" ती ऐकत होतीच. तिने कांदे घेतले, मला पाणी विचारलं नाही.

तिसरं, चौथं, पाचवं. एका घरी दार उघडलं आणि ऐकून झाल्यावर लावून घेतलं. एका घरी म्हातारी रडली, तुझ्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. ते बरं वाटलं.

सातवं शेवंतावैनीचं. त्या परड्यात हळदीच्या वाफ्यापाशी बसल्या होत्या. मी सांगत असताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. माझं संपलं तरी गवत उपटत होत्या.

"भावजी, कुर्ली होती काय?"

"नाय."

पुढचं एक मूठ गवत त्यांनी उपटलं.

"मिरगाक ती कुंपणाकडे येवन उबी रवली," त्या म्हणाल्या. "हातात फावडां होता. वाट बघी होती मी हाक मारतंय काय. मी बघून न बघल्यासारखां करून आत गेलंय." मग म्हणाल्या, "तुमी पडवीत होतास तेव्हा."

"होतंय."

"बघलात?"

"बघलंय."

"आणि गप."

"गप."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी शेवटचे चार कांदे त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी एकेक दोन बोटांत दाबून बघितला, अगदी तुझ्यासारखा. चारी घट्ट होते.

"खंय लावतलास?"

"माका ठावक नाय. किती खोल तांय ठावक नाय."

"चाळीस वर्सां तिच्या बाजूक बसलास आणि ठावक नाय." त्यांनी खुरपं घेतलं. वाफ्याच्या कडेला, जिथे आंब्याची सावली दिवसभर असते, तिथे माती मोकळी केली. "दोन पेरां. टोक वर." एक लावला, चार बोटं सोडली, दुसरा लावला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुमी नको."

मी हात मागे घेतला.

चौथा मातीत गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या, तळवे मातीवर ठेवून.

"फूल येवक नाय तर?"

"तर माझां नाव घेवा," मी म्हटलं. "सातय घरांत तसां सांगान इलंय."

"घेव ना तर काय. तुमी मेल्यावरसुद्धा घेव." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बसलात काय, पाणी आणा."

मी त्यांची कळशी उचलली आणि विहिरीवर गेलो.